लिलावातला १२ इंची थिकनेसर: पहिली फळी निघाली

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बंद कारखान्याच्या लिलावातून घेतलेला १२ इंची सरफेस-कम-थिकनेसर, म्हणजे फळी रंधून सपाट आणि एकसारख्या जाडीची करणारं मशीन, अखेर लाकडावर चालला. जुन्या वाड्याच्या पाडकामातली सागाची फळी आत घातली आणि बाहेर आली ती दोन्ही टोकांना सारख्या जाडीची. जुन्या मशीनच्या लिलावाकडे डोळा लावून बसलेले आपल्यात बरेच जण आहेत, म्हणून बोलीपासून आतापर्यंतचा सगळा हिशेब इथे मांडतो.

सोलापुरात लाकूडकामाची जुनी मशीनं कापडाच्या कारखान्यांतून निघतात, हे बाहेरच्यांना चटकन पटत नाही. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. आपण तिला आजही जुनी मिल म्हणतो. गिरण्या असोत की नंतरचे पॉवरलूमचे मोठे कारखाने, मागाला लाकूड लागायचंच. धोटे, धोटा फेकणाऱ्या पिकिंग स्टिक, फण्या धरायच्या चौकटी, सुताच्या पेट्या. मोठ्या कारखान्यात त्यासाठी स्वतंत्र सुतारखातं असायचं. कारखाना बंद पडला की माग आधी विकले जातात आणि सुतारखात्यातलं सामान 'इतर यंत्रसामग्री' या नावाखाली शेवटच्या लॉटमध्ये जातं. नोटिशीत रंधा मशीनचा उल्लेखही नसतो. पेपरातली जाहिरात वाचून थांबू नका, लॉटची पूर्ण यादी मागवून घ्या आणि पाहणीच्या दिवशी शेडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जा. रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या रेल्वेच्या लिलाव-संकेतस्थळावर निघतं, सरकारी खात्यांचं बरंचसं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात; तिथेही शोधायची पद्धत हीच.

अटींत एक वाक्य ठरलेलं असतं: 'जिथे आहे, जसं आहे'. म्हणजे हातोडा पडल्यावर तक्रार नाही. त्यामुळे खरी खरेदी पाहणीच्या दिवशीच होते, बोली हा नंतरचा सोपस्कार. आणि माझं ठाम मत आहे की पाहणीत मोटर, पट्टे, बेरिंग, रंग यांच्यावर वेळ घालवू नये. ते सगळं सोलापुरात मिळतं किंवा दुरुस्त होतं. मिळत नाही ते बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग. टेबल, बाजूच्या भिंती, टेबल वरखाली होण्याच्या खाचा, पाती धरून फिरणारा कटर ब्लॉक बसतो ती घरं. यातलं काही तडकलेलं असेल तर मशीन भंगाराच्या भावाचं.

पाहणीला मी टॉर्च, सरळपट्टी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), वायरब्रश आणि लहान हातोडी नेली होती. उन्हाळ्यात माठ घेताना टिचकी मारून पाहतो, तसं बीडही वाजवून पाहता येतं: अखंड असेल तर घणघणतं, चीर असेल तर बद्द आवाज येतो. कुठे पिवळसर रेघ दिसली तर तिथे पूर्वी पितळेने सांधलेलं असतं. न ताणणाऱ्या कोपऱ्यात ते चालेल, बेरिंगच्या घरापाशी अजिबात नाही. मग टेबल घासून सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवली. कर्णावर ठेवणं फार महत्त्वाचं, कारण टेबलाचा पीळ तिथेच कळतो. पट्टीखाली गेजचं ०.१ मिलिमीटरचं पातं कुठेही सरकलं नाही. तिथेच माझा निर्णय झाला.

कटर ब्लॉक गोल आहे की चौकोनी, हेही तिथेच पाहा. फार जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉक असतो. त्याच्या कडा आणि टेबल यांच्यात मोठी पोकळी राहते. हात गेला तर बोटं आत ओढली जातात. चौकोनी ब्लॉकचं मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. माझ्याकडचा ब्लॉक गोल आहे, तीन पात्यांचा. पाती दाबणाऱ्या पाचरींचे बोल्ट एकेक सोडवून आटे पाहिले, कारण मिनिटाला ४००० फेऱ्यांवर सुटलेलं पातं गोळीसारखं बाहेर येतं.

त्याच लॉटशेजारी एक देखणा बँड सॉ (पट्ट्यासारखी फिरणारी करवत) होता. त्याच्यावर बोली लावली नाही. लाकूड-आधारित उद्योगांसाठीच्या २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बँड सॉ, रीसॉ आणि ३० सेंटिमीटरहून मोठ्या व्यासाची गोल करवत यांचा वेगळा उल्लेख आहे आणि परवान्याचा प्रश्न तिथून सुरू होतो. छंदासाठी का असेना, मोठा बँड सॉ घ्यायचा विचार असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा, मग अनामत भरा.

बोलीबद्दल थोडक्यात. लॉटवर भंगारवाले असतातच आणि ते वजनाचा हिशेब करून येतात. त्यांचा आकडा म्हणजे तुमची खालची पातळी. त्यांना त्याच्या फार वर जाता येत नाही, आपल्याला येतं. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अखेरच्या क्षणी झडप घालण्याला अर्थ नाही. कमाल आकडा कागदावर लिहून ठेवा आणि त्यात १८ टक्के जीएसटी आधीच धरा. मला मशीन ३१,००० ला सुटलं, करासह ३६,५८०. त्यावर हायड्रा (फिरती क्रेन), टेम्पो आणि हमाली. उचलायची मुदत अटींत दिलेली असते आणि ती टळली की जागेचं भाडं चढतं, म्हणून हायड्रावाल्याशी बोलणं बोलीच्या आधीच करून ठेवा. उचलताना पट्टा मशीनच्या पायाखालून घ्यायला लावा. टेबलाला किंवा ब्लॉकला साखळी अडकवू देऊ नका, हायड्रावाला कितीही घाईत असला तरी.

आता गाळ्यातलं काम. सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज वरवरचा राहतो, कोकणातल्या मशीनसारखा खोल खात नाही. टेबलाला रॉकेल आणि बारीक इमरी पेपर पुरला. सुटे भाग सायट्रिक अॅसिडच्या ५ टक्के द्रावणात रात्रभर ठेवले, सकाळी सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच तेल लावलं. खरा त्रास सुताच्या रुईचा होता. फीड रोलरच्या गिअरपेटीत रुई आणि ग्रीस यांचा लगदा घट्ट बसलेला होता, तो लाकडी काडीने उकरून काढावा लागला. दात मात्र नव्यासारखे निघाले. ग्रीसने त्यांना जपलं होतं.

कटर ब्लॉकला दोन्ही बाजूंना ६२०६ बेरिंग. भुसा आत जाऊ नये म्हणून रबर सीलची, म्हणजे मागे टूआरएस लिहिलेली घेतली. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, बाजारात नकली पुष्कळ आहेत. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्यायचा. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांचे वण आत उमटतात आणि नवं बेरिंगही पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. मी आतल्या कड्याच्या मापाचा पाइपाचा तुकडा लेथवर तोंड सरळ करून वापरला.

मोटर हा सगळ्यात रंजक भाग. ३ एचपी, ४१५ व्होल्ट, थ्री फेज, मिनिटाला १४४० फेरे. माझ्याकडे सिंगल फेज. मार्ग व्हीएफडीचा, म्हणजे मोटरला हवी तशी वीज आणि वेग देणाऱ्या ड्राइव्हचा, पण सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी बाहेर थ्री फेज देतो तो २३० व्होल्टचाच. स्टारमध्ये, म्हणजे वायंडिंगची तीन टोकं एका गाठीत बांधून जोडलेली ४१५ ची मोटर त्यावर लुळी चालते. ती डेल्टात, म्हणजे वायंडिंग त्रिकोणात जोडायला हवी. डेल्टासाठी सहा वायरी बाहेर हव्यात आणि इथे टर्मिनल पेटीत तीनच होत्या.

अशोक चौकाच्या बाजूला एक रिवाइंडिंगवाले अण्णा आहेत, आयुष्य पॉवरलूमच्या मोटरींत गेलेलं. त्यांनी कव्हर काढून पाहिलं आणि म्हणाले, "स्टारची गाठ आतच मारल्यात बगा. वायंडिंग चांगलं हाय, कशाला जाळताव? गाठ सोडून तीन वायरी बाहेर काढून देतो."

"अण्णा, जुनं इन्सुलेशन तडकणार नाही ना?"

"गरम करून हळू काढायचं. झालं की मेगर लावून दाखवतो, मग न्या."

तसंच केलं. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं, रीडिंग उत्तम आलं आणि नव्या वायंडिंगचा खर्च वाचला. सोलापुरात असण्याचा हा मोठा फायदा आहे, असे कारागीर दर दोन गल्ल्यांत भेटतात आणि काम समोर बसून करून देतात. मात्र डेल्टात करंट वाढतो हे लक्षात ठेवा: स्टारला सुमारे ४.७ अँपिअर असेल तर २३० च्या डेल्टाला ८ च्या वर. व्हीएफडी २.२ किलोवॅटचा घेतला. त्याचा इनपुट करंट यापेक्षाही बराच जास्त असतो, म्हणून मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर ओढली. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कोणताही स्विच बसवू नका. चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करायचं.

वेगाचं गणित असं. मोटरवर ८ इंची पुली, ब्लॉकवर पावणेतीन इंची, म्हणजे ब्लॉक मिनिटाला सुमारे ४२०० फेरे फिरतो. तीन पाती, मिनिटाला १२,६०० काप. फळी मिनिटाला ६ मीटर सरकते, म्हणजे दर काप जवळपास अर्ध्या मिलिमीटरवर पडतो. नंतर हाताने रंधा एकदा फिरवला की खुणा जातात. व्हीएफडीवर वेग कमी केला तर फळी गुळगुळीत निघेल असं काहींना वाटतं. माझ्या मशीनवर फीड रोलरही याच मोटरवर आहेत; दोन्ही एकत्र मंदावतात, खुणांमधलं अंतर तेवढंच राहतं. त्यामुळे ५० हर्ट्झवरच चालवतो.

पाती बसवायला जिग लागत नाही. वीज पूर्ण बंद करून सरफेसच्या मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवायची आणि ब्लॉक हाताने फिरवायचा. पातं पट्टीला उचलून ३-४ मिलिमीटर पुढे नेतं. डाव्या आणि उजव्या टोकाला, तिन्ही पात्यांवर, हे अंतर सारखं आलं की पाचरी आळीपाळीने घट्ट करायच्या. हे काम संथपणे करण्यात मला मनापासून आनंद मिळाला. पट्टी तिसऱ्या पात्यावरही पेन्सिलच्या त्याच खुणेपर्यंत येऊन थांबली, तेव्हा या मशीनची पुढची पन्नास वर्षं डोळ्यांसमोर आली.

वाड्याचा साग आत घालण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढलेत, तरी प्रत्येक फळी पुन्हा तपासतो. मूळ मशीनची फळी मागे उसळू न देणारी बोटं गायब आहेत. ती लेसर कटिंगवाल्याकडून ६ मिलिमीटर पत्र्यात कापून घेतोय आणि ती बसेपर्यंत आखूड तुकडे आत घालणार नाही. ब्लॉकवरचं झाकणही त्याच ऑर्डरमध्ये. भुश्यासाठी १०० मिलिमीटर तोंडाचा पत्र्याचा हूड मापून झालाय, ब्लोअर अजून घ्यायचाय.