पाचवी चिमणी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिण्याचे आमंत्रण आले, तेव्हा कोणाविषयी लिहावे याचा विचार करताना मन पुन्हापुन्हा ज्यांच्यापाशी येऊन थांबले, त्या शाळेच्या शिक्षिका नव्हत्या. त्यांचे नाव वेतनपत्रकावर कधीच नव्हते. स्वतःची नोकरी सांभाळून दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास त्या आमच्या निसर्ग मंडळासाठी येत आणि आम्ही सारे त्यांना ताई म्हणत असू. त्या श्रद्धावान ख्रिस्ती होत्या आणि जे करीत ते त्या श्रद्धेपोटीच करीत, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु कोणी विचारल्यावाचून त्यांनी धर्माचा विषय कधी काढला नाही. मी ख्रिस्ती नाही. तरीही निसर्गाकडे कसे पाहावे हे मी त्यांच्या श्रद्धेकडून शिकलो, आणि ते ऋण या पानांवर नोंदवावे असे मनापासून वाटते.

ताईंपाशी जाड पुठ्ठ्याची एक वही असे. मैदानाच्या कडेची झाडे, त्यांवर उतरणारे पक्षी, भिंतीवरून जाणारी मुंग्यांची रांग, पावसानंतर साचलेल्या डबक्यातील बेडकांची पिल्ले, या सर्वांच्या नोंदी त्या तारीख आणि वेळ घालून करीत. मोजता येईल ते मोजायचे, अंदाजाने आकडा लिहायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. रोज दिसणाऱ्या चिमण्यांची मोजदाद कशासाठी, असे आमच्यातील एकाने विचारले, तेव्हा त्यांनी आम्हाला शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांतील, एक हिशेब सांगितला. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात, तर लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर फुकट मिळत असे. बाजारात जिला काहीच मोल नाही, त्या पाचव्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू ख्रिस्त तिथे सांगतात. “मग मी तिला विसरून कसे चालेल?” असे म्हणून त्यांनी पुन्हा पेन उचलले.

मी आठवीत होतो त्या वर्षी मैदानाच्या फाटकावरील वेलीत बुलबुलाच्या जोडीने घरटे केले. वाळक्या काड्या आणि मुळ्या गुंफून केलेले ते घरटे लहानशा वाटीएवढे होते आणि आत गुलाबीसर पांढरी, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. मादी उडून गेल्याची संधी साधून मी स्टुलावर चढलो, मित्रांना दाखवण्यासाठी एक अंडे उचलले आणि ते बोटांतून निसटून फरशीवर फुटले. पसरलेल्या बलकात केसाएवढी बारीक लाल रेघ होती. ती रेघ मला अजून दिसते.

शनिवारी मी स्वतःच ताईंना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला वेलीपासून दहा पावलांवर, भिंतीच्या आडोशाला नेऊन उभे केले. रोज मधल्या सुट्टीत इथूनच पाहायचे, मादी किती वेळा उठली आणि किती वेळा परतली हे लिहून ठेवायचे, आणि कोणालाही वेलीजवळ जाऊ द्यायचे नाही, असे बजावले. त्याच आठवड्यात वेलीची छाटणी व्हायची होती, ती त्यांनी मुख्याध्यापकांना भेटून महिनाभर पुढे ढकलायला लावली. ही माझी शिक्षा आहे का, असे मी विचारले. त्यांनी बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचा दाखला दिला: देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. मूळ हिब्रूतील या दोन शब्दांपैकी पहिल्याचा अर्थ सेवा करणे असाही होतो आणि दुसरा शब्द ‘परमेश्वर तुझे रक्षण करो’ या आशीर्वादातही येतो, हे त्यांनी समजावले. “शिक्षा कसली? माणसाला मिळालेले हे सर्वांत पहिले काम आहे,” त्या म्हणाल्या.

उरलेल्या दोन्ही अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. आईबाप आळीपाळीने किडे आणीत आणि डोळे मिटलेली ती उघडी पिल्ले नुसत्या पानाच्या सळसळीनेही माना वर करून चोची उघडीत. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांतले एक फाटकाखाली मरून पडलेले मला दिसले. त्याला मुंग्या लागल्या होत्या. ताई आल्या तेव्हा मी रागानेच विचारले, की देवाला पाचव्या चिमणीचाही विसर पडत नाही, तर त्याने हे पिल्लू पडू का दिले? त्यांनी उत्तर ठाऊक असल्याचा आव आणला नाही. पाखरे पडणार नाहीत असे वचन शुभवर्तमानात नाही, पित्याच्या नकळत एकही पडत नाही एवढेच तिथे म्हटले आहे, आणि का पडू दिले हे मलाही कळलेले नाही, असे त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर वहीत त्या पिल्लाची नोंद केली. दुसरे पिल्लू आठवड्याभराने उडाले.

पुढे महाविद्यालयात असताना अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांचा, १९६७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला निबंध वाचनात आला. सृष्टीवर सत्ता चालवण्याचा अधिकार माणसाला आहे, या पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणेत पर्यावरणीय संकटाची मुळे आहेत, असे त्यात प्रतिपादन होते. मी अस्वस्थ होऊन ताईंना भेटलो. त्यांनी आरोप झटकला नाही. आमच्या लोकांनी उत्पत्तीचा, माणसाला सृष्टीवर सत्ता देणारा पहिला अध्याय वाचला आणि राखण सांगणाऱ्या दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, हे त्यांनी मान्य केले. त्याच निबंधात व्हाइट यांनी असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पर्यावरण-अभ्यासकांचे आश्रयदाते संत मानावे असे सुचवले होते आणि १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणा केली, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या धर्मप्रमुखांनी, १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. ताई त्या दिवशी प्रार्थना आटोपून थेट शाळेमागच्या ओढ्यावर येत आणि प्लॅस्टिक वेचू लागत.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी त्यांची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा असतो आणि पन्नासावे वर्ष हे योबेल वर्ष, त्यातही पेरणी-कापणी करायची नसते. पडीक जमिनीत आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी, असे बायबलच्याच निर्गम या पुस्तकात म्हटले आहे. त्या आधारावर ताईंनी पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मागून घेतला आणि तिथले गवत कधीच कापू दिले नाही. गवताला बी धरले की तिथे मुनियांचे थवे उतरत.

ताईंची वही आता शाळेच्या ग्रंथालयात आहे. गेल्या महिन्यात ती मागून घेऊन मी आठवीच्या वर्षाची पाने उलटली आणि धडधडत्या छातीने ते पान शोधले. माझे नाव त्यांनी कुठेही लिहिले नव्हते. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात एवढेच होते: ‘बुलबुल. अंडी ३. एक फुटले. राखणीला मुलगा नेमला आहे.’