पुरीचं बी.एन.आर. हॉटेल: नागपूरकराने तिथे राहायचं कसं

नागपूरला समुद्र नाही, पण नागपूरचं नाव लावलेलं एक हॉटेल बंगालच्या उपसागराकडे तोंड करून शंभर वर्षं उभं आहे. बी.एन.आर. म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. ही कंपनी १८८७ साली निघाली. तिने नागपूर-छत्तीसगडची मीटरगेज लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत आसनसोल गाठलं. खुर्दा रोड ते पुरी हा फाटा १८९७ साली सुरू झाला आणि १९०२ मध्ये तो बी.एन.आर.कडे आला. रूळ थेट समुद्रापर्यंत गेल्यावर प्रवाशांना राहायला जागा हवीच. १९२५ पासून पुरीच्या चक्रतीर्थ रोडवर रेल्वेचं हॉटेल आहे. आता व्यवस्थापन खासगी आहे आणि नावाच्या आधी 'चाणक्य' लागलंय, पण पुरीत रिक्षावाल्याला 'बीएनआर' म्हटलं की पुरतं.

पुरीला नागपूरहून बरीच माणसं जातात, पण जगन्नाथाचं दर्शन, कोणार्क, चिलिका सरोवर, खाजा ही मिठाई घेतली की परत. दोन दिवसांत सगळं. या हॉटेलात राहायचं असेल तर तसं जाऊ नका. ते धावपळीसाठी बांधलेलं घर नाही. लांब व्हरांडे, उंच छत, जाड भिंती ही सगळी रचना पंख्याच्याही आधीच्या विचाराची आहे: वारा आत घ्यायचा, खेळवायचा आणि दुपारी माणसाने वेताच्या खुर्चीत पडून राहायचं. किमान तीन रात्री काढा, कारण गाडीत जाता-येता एकेक दिवस जातोच.

गाडी निवडताना नुसती तारीख पाहू नका, प्रवासाचे तास पाहा. नागपूरवरून पुरीला जाणाऱ्या गाड्या रायपूर-टिटलागढपर्यंत बहुतेक सारख्याच जातात. पुढे काही संबलपूर-अंगुलवरून उतरतात, काही रायगडा-विजयनगरमचा वळसा घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने वर येतात. वळशाला काही तास जास्त लागतात, पण ब्रह्मपूरच्या पुढे दिसणारा चिलिकाचा काठ बोनस मिळतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. यातल्या बऱ्याच गाड्या रोजच्या नाहीत, आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच्या आहेत. त्यामुळे आधी परतीची गाडी बघा, मग खोलीच्या रात्री ठरवा. उलटं केलं की शेवटची रात्र भुवनेश्वरच्या लॉजवर निघते.

महिना निवडण्यात सर्वात जास्त माणसं चुकतात. दुर्गापूजेच्या सुट्ट्या आणि नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत अख्खं बंगाल पुरीत असतं. रथयात्रेच्या आषाढात तर विश्रांतीचा विचारही करू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे हे चक्रीवादळांचे दिवस. फनी ३ मे २०१९ रोजी पुरीजवळच किनाऱ्यावर आदळलं होतं. या दिवसांत जायचंच असेल तर पैसे परत मिळण्याची अट बघूनच खोली घ्या आणि निघण्याआधी आठवडाभर हवामान खात्याचं पत्रक वाचत राहा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी अखेर, तेही सोमवार ते गुरुवार, हा खरा काळ.

आता खोली. फोनवर 'सी फेसिंग आहे का' एवढंच विचारून माणसं मोकळी होतात. त्याआधी विचारा की खोली वरच्या मजल्यावर आहे का. समुद्रकाठच्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. त्या ओलीबरोबर मीठ येतं, पाणी उडून गेलं की मीठ भिंतीतच स्फटिक धरतं आणि गिलावा आतून फुगून सुटतो. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. वरून कितीही रंग मारा, चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंट मारला तर ओल आत कोंडून जास्तच पापुद्रे निघतात. म्हणून खोलीत शिरल्यावर पलंगामागची भिंत आणि कपाटाची आतली बाजू हाताने चाचपून पाहा. गार-ओलसर लागली किंवा पांढरी भुकटी हाताला आली तर सामान उघडण्याआधीच खोली बदलून मागा. बॅग उघडल्यावर कोणी बदलत नाही, आपणही नाही.

दुसरं, खिडक्या दोन बाजूंना आहेत का ते विचारा. दिवसा जमीन तापते, म्हणून दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा येतो. मध्यरात्रीनंतर जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा उलट फिरतो. एकाच बाजूला खिडकी असेल तर अर्धा दिवस हवा कोंडते. दोन्हीकडे असतील तर दुपारी समुद्राकडची आणि रात्री मागची उघडायची, पण दोन्ही एकदम नाही, कारण मग दारं आपटतात. वर्तमानपत्राची चौपदरी घडी दाराच्या फटीत खोचा. जुनं लाकूड दमट हवेत फुगून चौकटीत अडकतं, तेव्हा ढकलाढकली न करता कडीच्या बाजूने वर उचलून ओढा. बिजागऱ्या मिठाने गंजलेल्या असतात, हिसका बसला की स्क्रूच बाहेर.

गरम पाण्याचीही एक खूण आहे. जुन्या वास्तूत पाइप लांबवरून फिरून येतात, त्यामुळे नळ सोडल्यावर तीन-चार मिनिटं थंडच येतं. माणसं 'गीझर बिघडला' म्हणून तक्रार करतात, तेवढ्यात पाणी गरम झालेलं असतं. वाळूचे पाय मात्र बेसिनमध्ये धुऊ नका. वाळू बेसिनखालच्या वाकात बसते आणि जुना पाइप एका दिवसात तुंबतो. बादलीभर पाणी दाराबाहेर ठेवा, पाय त्यात बुडवा. नाहीतर वाळू पूर्ण सुकू द्या, ती झटकली की पडते. ओली असताना घासली तर कातडीच सोलते.

नागपुरी सवयी इथे उलट्या पडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असतो, पण हवा कोरडी असल्यामुळे कूलर चालतो आणि घामही अंगावर टिकत नाही. पुरीला तापमान दहा अंशांनी कमी असूनही जीव जास्त कासावीस होतो. हवेत आधीच पाणी भरलेलं, घाम उडणार कुठे? कूलरचा तर प्रश्नच नाही. म्हणून तिथे एसी १८ वर लावू नका, २६ वर 'ड्राय'ला ठेवा आणि वर पंखा चालू द्या. थंडगार खोलीतून कॅमेरा घेऊन एकदम बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं व्हरांड्यात असू द्या. चष्मा कोरड्या कापडाने पुसू नका, खाऱ्या वाऱ्याने त्यावर बसलेलं मीठ काचेवर ओरखडे काढतं. आधी साध्या पाण्याने धुवा. समुद्रात भिजलेले कपडे दोनदा गोड्या पाण्यातून काढा, कारण कापडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि दोन दिवस वाळत घातले तरी ते चिकटच लागतात. आणि घरून नेलेला चिवडा डब्यातून ताटलीत काढला की लगेच संपवा, अर्ध्या तासात त्याचा कुरकुरीतपणा जातो.

घड्याळही सरकवावं लागतं. पुरी नागपूरच्या पूर्वेला असल्यामुळे सूर्य तिथे जवळजवळ २७ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच लवकर मावळतो. डिसेंबरात सव्वापाचलाच अंधारायला लागतं. नऊला उठून, अकराला नाश्ता करून 'संध्याकाळी समुद्रावर जाऊ' म्हणणाऱ्याच्या हाती संध्याकाळ लागत नाही. सहाच्या आत व्हरांड्यात या. चहा रात्रीच सांगून ठेवा.

जेवणाचंही तेच, आधी सांगितलेलं बरं. रेल्वेच्या जुन्या हॉटेलांची स्वयंपाकाची घडी अँग्लो-इंडियन आहे: सूप, कटलेट, रेल्वे मटण करी, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. रेल्वे करी हे सावजीचं दूरचंही नातलग नव्हे. साहेबांच्या जिभेला झेपावी म्हणून नारळाच्या दुधाने नाहीतर दह्याने नरमवलेली, बटाटा घातलेली ती भाजी आहे. तर्री शोधत बसलात तर हिरमोड होईल. मासा खायचा असेल तर सकाळीच विचारा, आज काय ताजं आलंय. मेनूकार्ड पाहून रात्री मागवलेला मासा बहुधा फ्रीजमधला असतो. शाकाहाऱ्यांनी एक जेवण मंदिरातल्या आनंदबाजारातल्या महाप्रसादाचं करावं. मडक्यांवर मडकी रचून लाकडाच्या आचेवर शिजवलेलं ते अन्न दुपारी, ताजं असताना खाण्यात मजा आहे.

मंदिरात जाताना सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ नीट बघा. तो मुळात कोणार्कचा, एकाच दगडाचा. अठराव्या शतकात मराठ्यांच्या काळात तो तिथून पुरीला आणून उभा केला. १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं. नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांत वाढलेल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही, गाइड सांगेलच असं नाही. कोणार्क ३५ किलोमीटर आहे. एकच बाहेरची फेरी करायची तर ती करा, सकाळी सातला निघून अकराच्या आत परत या. चिलिका त्याच दिवशी जोडू नका.

समुद्रात उतरताना मात्र हौस आवरा. पुरीचा किनारा उताराचा आहे. लाट अगदी काठाजवळ फुटते आणि परत जाताना पायाखालची वाळू काढून घेते. मग गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो. समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढणारा सगळ्यात आधी पडतो. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तिथे जाऊ नका, तिथूनच पाणी आत ओढलं जात असतं. सापडलातच तर काठाकडे झुंजू नका, काठाला समांतर पोहत बाजूला सरका. तलावात किंवा पोहण्याच्या टाक्यात शिकलेलं पोहणं इथे फार कामाला येत नाही. पांढऱ्या टोकदार टोप्या घातलेले नुलिया, म्हणजे लोकांना समुद्रात उतरवणारे तिथले कोळी, किनाऱ्यावर असतात. पैसे आधी ठरवून त्यातल्या एकाचा हात धरून उतरा. लाज कसली, बंगाली बाबू पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरतात.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर काही धुऊ नका, वाळणार नाही. ओलं राहिलंच तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता जुन्या चादरीत गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा. खाजा निघायच्या दिवशीच घ्या आणि दुकानातच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घ्या. कागदी खोक्यातला खाजा रायपूर येईपर्यंत मऊ पडतो.