सेल्फ लागत नाही म्हणून

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये एनर्जी ऑडिटला गेलं की सुरुवात केबिनमधल्या चहाने होते. इथेही तसंच झालं. त्यांच्याकडे माल ठेवणाऱ्या, शेअर बाजारात लिस्टेड कंपनीला सेबीच्या बीआरएसआर अहवालात (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) कार्बनचा हिशोब द्यायचा होता, म्हणून फोर्कलिफ्टच्या, म्हणजे माल उचलून ठेवणाऱ्या गाड्यांच्या, डिझेलचे आकडे मागवलेले. आकडे फुगलेले होते आणि मॅनेजरचं निदान तयार होतं, "ऑपरेटर लोक गाडी बंदच करत नाहीत. दंड लावला तरी ऐकत नाहीत."

खाली शेडमध्ये ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट ट्रकची वाट बघत थडथडत उभ्या होत्या. डोळे चुरचुरायला लागले. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. पण शेडच्या पंख्याला कुणी तेवढ्यासाठी वायर जोडलेली नव्हती.

टाकी तोंडोतोंड भरली, अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) लिहून घेतला आणि घड्याळ लावून उभा राहिलो. इंजिन चालू असलेल्या वेळातला जवळपास निम्मा वेळ गाडी जागची हलत नव्हती. नुसत्या उभ्या गाडीचा खप वेगळा काढला तर तासाला लिटरभर. म्हणजे मालाचं एकही पॅलेट न उचलता २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

जेवणाच्या सुट्टीतही एक गाडी चालूच. तिच्या ऑपरेटरला म्हटलं, "मामा, डबा खाताय तोवर तरी बंद करा की."

"करतो. परत चालू तुम्ही करून द्या."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. पुन्हा फिरवली, तर आतून नुसतं टक् झालं.

झाकण उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा, एका बाजूचा क्लॅम्प बाइंडिंग वायरने आवळलेला. मल्टीमीटरवर ११.४ व्होल्ट, चांगली भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून इंजिन चालू केल्यावर चार्जिंग १४ च्या जवळ मिळालं, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक, बॅटरीच संपलेली. त्यातून ही टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे बिनक्लचची गाडी, ट्रकसारखी धक्का मारून चालू होत नाही. बंद पडली की दुसरी गाडी आणा, केबल शोधा. तोवर माल चढवायच्या डॉकवर ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि सुपरवायझर मामांच्या नावाने शंख करतोय. कोण बंद करेल? बहुतेक गाड्यांची हीच गत होती.

नव्या बॅटऱ्यांची मागणी स्टोअरमध्ये पडून होती. डिझेलचा खर्च एका खात्यात, स्पेअरचा दुसऱ्या, आणि स्पेअरचं बजेट संपलेलं. सात-आठ हजारांची बॅटरी. दिवसाला चार तासांचं उभं जळणारं डिझेल वाचलं तरी महिन्याच्या आत वसूल.

"मग सगळ्या इलेक्ट्रिकच घेऊ की," मॅनेजर म्हणाले. घ्याव्यातच. आपली वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करताना पाव वीज वाया जाते, तरी तासाला ७ युनिट धरली तर ५ किलो. कामातली डिझेल गाडी ३ लिटरला ८ किलो सोडते. शिवाय इलेक्ट्रिक गाडी उभी असताना जवळपास काही खात नाही, आणि इथे उभं राहणंच जास्त. पण त्या येईपर्यंत या गाड्या चालणारच आहेत.

माझ्या ऑडिटच्या अहवालात बॅटरी पहिल्या क्रमांकावर बघून मॅनेजरचं तोंड उतरलं. "एवढंसंच? कंपनीला दाखवायला सोलर-बिलर काही नाही?"

सोलर चौथ्या क्रमांकावर आहे म्हटलं. आधी छपराचे गंजलेले पत्रे बदलावे लागतील.