ब्लिट्झची वही, महिना चौथा: मोजणं बंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी छाती ठोकून सांगितलं होतं की महिन्याभरात अमेरिकन फुटबॉलमध्ये स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या) आधी क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, किती जण धावून येणार हे दहातल्या आठ वेळा ओळखून दाखवीन. नाही जमलं. गाडी दहात सहावर अडकली, आणि शेवटच्या आठवड्यात तर उलटी घरंगळली. पण का नाही जमलं ते कळलंय, म्हणून नोंद जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत एकदा सांगतो. पासचा डाव निवडायचा. वरून घेतलेलं चित्रण लावायचं, ज्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस दिसतात. सेंटरचा, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याचा, हात हलायच्या आत थांबवायचं आणि वहीत लिहायचं: किती येणार, कोण येणार. मग डाव सोडायचा. चार आले तर साधा रश, पाच किंवा जास्त आले तर ब्लिट्झ, ही सगळ्यांची व्याख्या तीच आपली. मी हे सकाळी करतो. हंगामात रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे पावणेसहाला लागतो, त्या वेळेला जाग यायची खोड आता हंगाम संपला तरी सुटत नाही. आई रोज विचारते, "परीक्षा कसली आहे रे तुझी?"

पहिला आठवडा

जुन्यापासून सुरुवात केली. १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) त्रेचाळीस, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. पहिला अर्धा संपायला १८ सेकंद, स्टीलर्स १०-७ पुढे आणि कार्डिनल्स गोललाइनच्या अगदी तोंडाशी. हा डाव तुम्ही सगळ्यांनी शंभरदा पाहिलाय, मीही पाहिलाय. पण थांबवून कधी पाहिला नव्हता. थांबवला तर स्टीलर्स रेषेवर दाटीवाटीने उभे, आणि ९२ नंबरचा जेम्स हॅरिसन कडेला, आता सुटतोच अशा बेतात. वहीत बिनधास्त लिहिलं: हॅरिसन येणार.

स्नॅप झाला. हॅरिसनने येतोयसं दाखवलं आणि आत मागे सरकला. कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरने अँक्वान बोल्डिनकडे छोटा तिरका पास सोडला, आणि त्या पासच्या वाटेत हा दांडगा माणूस उभा. गोललाइनवर पकडला तो तिथून शंभर यार्ड पळत पलीकडच्या एंड झोनमध्ये (गोललाइनमागच्या पट्ट्यात) जाऊन आपटला. घड्याळ वाटेतच संपलं होतं. १७-७. कबड्डीत कोपऱ्यावरचा मुद्दाम मागे सरकून रेडरला आत बोलावतो ना, तसला प्रकार. फक्त हा कोपरा मग सगळं मैदान पळत गेला.

गंमत पुढेच आहे. त्या डावात हॅरिसनला खरोखरच धावून जायचं होतं! पास झटपट सुटणार असं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबलो, हे त्याने नंतर सांगितलंय. म्हणजे माझं उत्तर स्टीलर्सचा बचाव आखणाऱ्या डिक लेबोच्या कागदावर बरोबर आणि मैदानावर चूक. गुण किती द्यायचे? मी स्वतःला शून्य दिला. वॉर्नरनेही तेच उत्तर लिहिलं होतं, एवढंच समाधान.

लेबोबद्दल थोडं, कारण सगळ्याचं मूळ तिकडेच जातं. हे गृहस्थ डेट्रॉइट लायन्सकडून चौदा हंगाम कॉर्नर (पास झेलणाऱ्या रिसीव्हरला राखणारा) खेळले, ६२ इंटरसेप्शन घेतली, म्हणजे समोरच्याचे पास पकडले, आणि मग १९८०च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सचा बचाव सांभाळताना त्यांच्यापुढे साधा प्रश्न होता: ब्लिट्झ करायचा तर मागे माणसं कमी पडतात, नाही करायचा तर क्वार्टरबॅक आरामात उभा राहतो. बिल आर्न्सपार्गर म्हणून मायामीत नाव काढलेले जुने कोच होते, त्यांना भेटायला लेबो गेले. आर्न्सपार्गर 'सुरक्षित दबाव' म्हणायचे, तो शब्द लेबोंनी उचलला. त्यातून झोन ब्लिट्झ पक्का झाला. पाच पाठवायचे, पण ते नेहमीचे पाच नाहीत. एका बाजूने लाइनबॅकर (लाइनच्या मागचा) किंवा सेफ्टी (सगळ्यात मागचा राखणदार) येतो आणि दुसऱ्या बाजूचा धिप्पाड लाइनमन, ज्याचं आयुष्य पुढे ढकलण्यात गेलं, तो चार पावलं मागे जाऊन पासच्या वाटेत उभा राहतो. मागे तीन खोल, तीन मध्ये. पाच, तीन, तीन: अकरा पुरे. क्वार्टरबॅकला शिकवलेलं असतं की ब्लिट्झ जिथून आला तिथे जागा रिकामी झाली, पटकन तिथे टाक. तो टाकतो, आणि तिथे तीनशे पौंडांचा माणूस उभा असतो.

दुसरा आठवडा

मावसबहिणीचं लग्न होतं. नऊ डाव. सोडून द्या.

तिसरा आठवडा

इथे प्रकरण फिरलं. ए-गॅप, म्हणजे सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड यांच्यामधली फट. सेंटरच्या दोन्ही हातांना एकेक. बऱ्याच संघांत दोन लाइनबॅकर येऊन या दोन फटींत क्वार्टरबॅकच्या अगदी नाकासमोर उभे राहतात. माझ्या वहीत अशा प्रत्येक डावापुढे 'सहा येणार' लिहिलेलं, आणि निम्म्याहून जास्त वेळा चूक. कागदावर फुल्या-गोळे काढून डोकं चालेना, म्हणून माळ्यावरून कॅरम काढला. पाच पांढऱ्या सोंगट्या लाइन (क्वार्टरबॅकसाठी अडवणारे), सहावी रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), राणी अर्थातच क्वार्टरबॅक. समोर काळ्या: चार लाइनमन, दोन लाइनबॅकर फटींत, आणि एक स्लॉट कॉर्नर (आतल्या रिसीव्हरवरचा) जरा लांब. रिसीव्हरांना बोर्डावर जागा नाही. बोरिक पावडर पुसायची राहून गेली होती, त्यामुळे उजवा गार्ड सारखा घसरत होता. खऱ्या मैदानावरही हीच तक्रार ऐकू येते म्हणा.

आता सेंटरच्या जागी बसून बघा. स्नॅपच्या आधी त्याला बोट दाखवून सांगावं लागतं की आमची मोजणी या माणसापासून. समजा तो डावीकडे सरकायचं ठरवतो, डावा गार्ड आणि त्याच्या बाहेरचा डावा टॅकल त्याच्याबरोबर. डावी फट बुजली. उजव्या फटीतला लाइनबॅकर कुणाचा? उजवा गार्ड आत वळला तर त्याच्यासमोरचा लाइनमन मोकळा. तो उजव्या टॅकलने धरला तर सगळ्यात बाहेरचा, सगळ्यात वेगवान गडी मोकळा, आणि तो पडतो बिचाऱ्या रनिंग बॅकच्या गळ्यात. बॅक अर्ध्या वजनाचा नसला तरी साठ-सत्तर पौंडांनी हलका सहज असतो.

आणि हे सगळं ठरल्यावर, स्नॅप होताच, फटींतले दोघे मागे निघून जातात. डाव्या बाजूचा एक लाइनमनही मागे. त्याच्या बदल्यात उजवीकडून स्लॉट कॉर्नर सुटतो. मी काळ्या सोंगट्या सरकवून मोजल्या: येणारे चारच. अडवायला सहा. तरी डावीकडच्या तिघांतले दोघे हवा अडवत उभे, बॅक बाहेरच्या गड्याला भिडलेला, आणि कॉर्नर थेट राणीवर. चारच आले म्हणजे आपल्या व्याख्येत हा ब्लिट्झसुद्धा नाही! याला आता सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात. चार महिने मी 'किती' मोजत बसलो होतो, आणि समोरचा कोच मी तेच मोजावं म्हणून माणसं उभी करत होता.

मग कॅन्सस सिटीचा बचाव आखणाऱ्या स्टीव्ह स्पॅग्नुओलोचा तो डाव पुन्हा लावला. ११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगास, सुपर बोल अठ्ठावन्न. कॅन्सस सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स १६-१६, चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं, तिसरा डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), पाच यार्ड बाकी. इथे पाच यार्ड मिळाले असते तर फोर्टीनाइनर्स घड्याळ चाटून शेवटी किक मारून घरी गेले असते. कॅन्ससचा कॉर्नर ट्रेंट मॅकडफी स्लॉटवरून सुटला, अडवणारं कुणी नाही, ब्रॉक पर्डीने पास सोडला तो याच्या हाताला लागून खाली. फोर्टीनाइनर्सना ५३ यार्डांच्या किकवर तीन गुण घेऊन थांबावं लागलं, कॅन्ससचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला वेळ मिळाला, आणि पुढे जादा वेळेत कॅन्सस २५-२२ जिंकलं. पूर्वी मी या डावापुढे फक्त 'ब्लिट्झ, कॉर्नर' लिहिलं होतं. यावेळी दहा मिनिटं फक्त लाइन पाहिली. मॅकडफीकडे एकाचंही तोंड नाही. तो धावला हे खरं, पण डाव जिंकला तो बाकीच्यांनी, जे उभ्या उभ्या लाइनचं लक्ष धरून होते.

स्पॅग्नुओलो हे फिलाडेल्फियात बचाव कोच जिम जॉन्सनच्या हाताखाली १९९९ पासून आठ वर्षं शिकले, आणि ए-गॅपमधली ही गर्दी हा जॉन्सनचा हातखंडा. पण गुरूचं सगळं तसंच्या तसं उचललं असंही नाही. सुपर बोल बेचाळीसमध्ये, फेब्रुवारी २००८, स्पॅग्नुओलो बचाव सांभाळत असलेल्या न्यू यॉर्क जायंट्सने १८-० असलेल्या पेट्रियट्सना १७-१४ हरवलं तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला पाच सॅक बसले (पास सोडण्याआधीच पाडलं), त्यातले चार लाइनमधल्याच पोरांचे. ब्लिट्झवाला म्हणून ज्याचं नाव झालं त्याचा सगळ्यात मोठा विजय बऱ्यापैकी चौघांच्या जोरावर आहे.

चौथा आठवडा

कव्हर झिरो घेतलं आणि तोंडघशी पडलो. मागे एकही सेफ्टी नाही, प्रत्येक रिसीव्हरला एकेक माणूस, बाकी सगळे पुढे. ११ नोव्हेंबर २०२१, मायामी डॉल्फिन्स विरुद्ध बाल्टिमोर रेव्हन्स, आपल्याकडे शुक्रवार सकाळ. ब्रायन फ्लोरेस तेव्हा मायामीचे मुख्य कोच. पुन्हा पुन्हा सगळी फौज रेषेवर, कधी सगळे येतात, कधी अर्धे मागे पळतात. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला शेवटपर्यंत उत्तर सापडलं नाही, मायामी २२-१० जिंकलं. मलाही नाही. त्या सामन्यातले माझे अंदाज म्हणजे नाणेफेक. मिनेसोटात गेल्यावरही फ्लोरेस तेच करतात, उलट वाढवून: रेषेवर सात, आणि येतात तीन.

हे वाचून कुणाला वाटेल, मग रोज का नाही करत सगळे? त्यांनी ६ डिसेंबर २०२० चा जेट्स-रेडर्स सामना बघावा. जेट्स २८-२४ पुढे, १३ सेकंद उरलेले, हंगामात एकही विजय नाही, मैदानाची ४६ यार्ड राखायची. जेट्सचे बचाव कोच ग्रेग विल्यम्स यांनी झिरो लावला. रेडर्सचा क्वार्टरबॅक डेरेक कारने रिसीव्हर हेन्री रग्जला लांब टाकला, ४६ यार्ड, टचडाउन, ३१-२८. दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांची नोकरी गेली. रग्जवर ठेवलेल्या नवख्या कॉर्नरचं नाव लमार जॅक्सन! वेगळा लमार जॅक्सन. पण झिरोच्या माझ्या दोन्ही पानांवर फसलेल्याचं नाव एकच आहे, आणि पुढे कधी वही उघडली की मी गोंधळणार हे नक्की.

त्या डावात माझ्या मते चूक धाडसाची नव्हती, जागेची होती. मायामीत झिरो लागतो तेव्हा क्वार्टरबॅकला छोट्या पासने सुटता येतं, आणि छोटा पास झाला तरी बिघडत नाही. इथे रेडर्सना लांबच टाकायचा होता. छोट्याचं भय दाखवून काय उपयोग?

शेवटी, चव बदलावी म्हणून, सुपर बोल एकोणसाठ लावला. ९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. एका बाजूला स्पॅग्नुओलो, दुसरीकडे फिलाडेल्फिया ईगल्सचा बचाव व्हिक फॅन्जिओकडे. फॅन्जिओंनी महोम्सवर एकदाही ब्लिट्झ केला नाही. एकदाही. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त चार, बाकीचे सात मागे शांत. सहा सॅक. हाफटाइमला ईगल्स २४-० पुढे, शेवट ४०-२२. माझ्या 'किती येणार' रकान्यात पानभर चार, चार, चार. आयुष्यातलं पहिलं शंभर टक्के बरोबर पान, आणि त्यावरून मला त्या सामन्याबद्दल काहीही कळत नव्हतं.

म्हणून वही नवी केली. 'किती' हा रकाना काढून टाकला. आता तीनच: सेंटरने बोट कुणाकडे दाखवलं, बॅक कुठल्या बाजूला नजर ठेवून आहे, आणि स्नॅपनंतर कुठला अडवणारा रिकामा उभा राहिला. तिसरा रकाना डाव संपल्यावरच भरता येतो, त्यामुळे गुणबिण देण्याचा प्रश्न मिटला. वेग पडलाय, सकाळी जेमतेम सात-आठ डाव होतात.

सध्या न्यू ऑर्लिन्सचाच सामना नव्या रकान्यांनी पुन्हा लावतोय. कॅन्ससने तिथे जो थूनी या मुरलेल्या गार्डला डाव्या टॅकलच्या जागी खेळवलं होतं, तिथून बोर्ड मांडायला घेतला. पण डाव्या गार्डची पांढरी सोंगटी कपाटाखाली गेलीय आणि कपाट मला एकट्याला हलत नाही. तूर्त तिथे शर्टाचं बटण खेळतंय.