अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडं

फेब्रुवारीतल्या रविवारी पहाटेच नाशिक सोडलं. तुम्ही एवढी घाई करू नका. ऊन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय गिधाडं कडा सोडत नाहीत, त्यामुळे नवाच्या सुमारास अंजनेरी डोंगराच्या पठारावर असलात तरी पुरे. त्र्यंबक रोडने वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाटा लागतो. बसने आलात तर तिथून पायथ्यापर्यंत चाल आहे. पायऱ्यांच्या घळीत माकडं हातातली पिशवी हिसकावतात, खाऊ सॅकमध्येच ठेवा. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या.

घरटी कुठे आहेत ते शोधत बसू नका, काळ्या कातळावर चुना ओतल्यासारखे विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की समजायचं. दुर्बिणीतून पाहिलं तर एका कपारीत लांब चोचीचं गिधाड पंख अर्धवट उघडून उन्हाला बसलेलं. थोड्या वेळाने त्याने नुसतं अंग सोडून दिलं आणि एकदाही पंख न हलवता आमच्या डोक्यावर आलं. पंखांच्या टोकांची बोटं वेगवेगळी मोजता येत होती. माझे डोळे भरून आले.

लहानपणी दिंडोरीला आमचा बैल मेला तेव्हा माळावर गिधाडांचा थवा उतरला होता. पुढे ती दिसेनाशीच झाली. गुरांना वेदनेसाठी टोचलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामकांवरही. पण जोडी वर्षाला एकच अंडं घालते, भरपाई व्हायला पिढ्या जाणार. म्हणून हात जोडून सांगतो, विणीच्या या दिवसांत कड्याजवळ ड्रोन, फटाके, स्पीकर नकोत. पिलू दचकून कपारीतून खाली गेलं तर ते वर्ष वाया.

हातात आणखी एक दिवस असेल तर हरसूलजवळच्या खोरीपाड्याला जा. तिथे वनविभागाने गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केली आहे. आधी वनविभागाकडे चौकशी करा, मढं नसेल तर आभाळ रिकामंच. आणि येताना टाकेदला जटायूसमोर हात जोडायचे असतील तर तो रस्ता इगतपुरीकडचा, वेगळा दिवस काढा.

उतरल्यावर चहाच्या टपरीवरूनच काकांना फोन लावला आणि गोठ्यातल्या डब्यातली औषधं वाचून दाखवायला सांगितली. दोन बाटल्या मेलोक्सिकॅमच्या निघाल्या, ते गिधाडांना चालतं. एक जुनी केटोप्रोफेनची होती. ती त्यांनी बाजूला काढून ठेवली आहे.