आम्ल-आम्लारीचा पाठ यूडीएलनुसार आखताना

युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग अर्थात यूडीएल ही मांडणी 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या अमेरिकी संस्थेने विकसित केली. शिकण्यात रस घेण्याचे, आशय समजून घेण्याचे आणि समजलेले व्यक्त करण्याचे एकाहून अधिक मार्ग पाठ आखतानाच ठेवावेत, असे तिचे म्हणणे आहे. ती वापरून पाहण्यासाठी मी आम्ल-आम्लारी हे प्रकरण निवडले, कारण त्यातील बहुतेक प्रयोग रंग ओळखता येण्यावरच अवलंबून असतात.

सर्वाधिक वेळ उद्दिष्ट ठरवण्यात गेला. ‘विद्यार्थी लिटमसच्या साहाय्याने आम्ल ओळखतील’ हे पाठ टाचणातील नेहमीचे वाक्य. पण त्यात ओळखणे हे उद्दिष्ट आणि लिटमस (आम्लात लाल, आम्लारीत निळा होणारा कागद) हे साधन अशी गल्लत असते. ही दोन वेगळी केल्यावर लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण पाठाच्या आखणीत आहे, हे उघड झाले. मग लिटमसच्या जोडीला मी गंधदर्शक, म्हणजे वासातील बदलावरून आम्ल-आम्लारी ओळखू देणारा पदार्थ, घेतला. व्हॅनिला अर्काचा वास विरल आम्लात टिकतो, परंतु विरल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो, कारण व्हॅनिलिनचे रूपांतर बाष्पनशील नसलेल्या क्षारात होते. (वास घेताना नळी नाकाशी न नेता हाताने हवा आपल्याकडे वळवण्याची सवय आधी लावावी लागते.) उदासिनीकरणासाठी बोलका तापमापक ठेवला, आम्लात आम्लारी मिसळताना वाढणारे तापमान त्यामुळे ऐकू येते. हे पर्याय सर्वांसाठी खुले होते आणि रंग व्यवस्थित दिसणाऱ्या मुलांनीच ‘वास का गेला?’ हा प्रश्न अधिक लावून धरला.

निष्कर्ष लेखी, तोंडी किंवा आकृतीतून मांडण्याची मुभा दिली, मात्र निरीक्षण, अनुमान आणि कारण हे निकष सर्वांना सारखेच ठेवले. मुलांची ‘दृश्य’, ‘श्राव्य’ अशी वर्गवारी मी केली नाही; यूडीएलला ती अभिप्रेतही नाही.

अनुमापनाच्या (एका द्रावणाचे प्रमाण दुसरे द्रावण मोजून मिसळत ठरवण्याच्या) पाठात मात्र ब्युरेटचे, म्हणजे रेघा आखलेल्या मोजनळीचे, अचूक वाचन हेच उद्दिष्ट असल्यामुळे तेथे त्याला पर्याय ठेवला नाही. द्रवाची पातळी उठून दिसावी म्हणून ब्युरेटमागे काळी पट्टी असलेले कार्ड धरणे आणि फोनच्या कॅमेऱ्यातून अंक मोठे करून पाहणे, एवढी मदत दिली. पातळीचा तळ कोणत्या रेघेवर आहे, हे ठरवणे विद्यार्थ्याकडेच ठेवले.