हाफ एट म्हणजे नक्की किती?

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार बरेच आहेत, त्यामुळे माझ्या इंग्रजीच्या वर्गात कोकणी-मराठी कानावर पडतेच. त्या सकाळी एक सहकारी आजारी पडली आणि दोन वर्ग एकत्र करावे लागले. एकोणीस जण, अडीच तास. पातळ्या अगदी पहिल्या, प्री-एन्ट्रीपासून वरच्या एन्ट्री ३ पर्यंत. म्हणजे कुणाला एबीसी गिरवायची, तर कुणाची नागरिकत्वासाठी लागणाऱ्या बी १ परीक्षेची तयारी चाललेली.

अशा वेळी तीन धडे घेऊ नयेत. मजकूर एकच ठेवावा, काम वेगवेगळे द्यावे. मी दवाखान्याच्या फोनचा चाळीस सेकंदांचा निरोप घेतला: तुमची वेळ मंगळवारी ‘हाफ एट’ला आहे. खालच्या गटाने कोऱ्या घड्याळावर काटे काढायचे, मधल्यांनी गाळलेल्या जागा भरायच्या, वरच्यांनी उलट फोन करून वेळ पक्की करायची. निरोप तीनदा ऐकवायचा. पहिल्यांदा पेन्सिल खाली. नाहीतर लोक पहिला आकडा लिहीत बसतात आणि पुढचे हुकते.

एन्ट्री ३ च्या पोलिश गृहस्थांनी फोन उत्तम केला, पण वेळ सांगितली साडेसात. जेमतेम सही करणाऱ्या पेडण्याच्या आजींचे काटे मात्र बरोबर साडेआठवर. इथिओपियाच्या बाईंच्या कागदावर अडीच!

चुकीचे ऐकले कुणीच नव्हते. पोलिशमध्ये अर्धा तास पुढच्या तासाकडे मोजतात. ‘आठाकडे अर्धा’ म्हणजे साडेसात. जर्मनमध्येही तसेच. इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत दिवसाचे तास सकाळी सहापासून सुरू होतात, आपल्या प्रहरांसारखे. सातला एक वाजतो, साडेआठला अडीच. बाईंनी सवयीने आपल्या घड्याळाची वेळ मांडली, सहा तास मिळवायचे राहिले. इंग्लंडमध्ये ‘हाफ एट’ म्हणजे ‘हाफ पास्ट एट’, आणि आजींनाही ते सरळ साडेआठच वाटले.

हे व्याकरणाने सुटत नाही. पुठ्ठ्याची चार घड्याळे फिरवली. प्रत्येकाने काटे लावून आपल्या भाषेत वेळ सांगायची आणि तिचा शब्दशः अर्थ लावायचा. फळ्यावर रकाने झाले. मग एकच सवय: फोनवर ‘हाफ’ ऐकले की लगेच आकड्यात उलट विचारायचे, ‘एट थर्टी?’

पाठीला पाठ लावून जोड्या बसवल्या. पेन कच्च्याच्या हाती, बोलायचे पक्क्याने. उलट केले की पक्का सगळे लिहून मोकळा होतो आणि कच्चा मान डोलावतो. इथे दुसरी गोम निघाली: सव्वाआठ आणि आठ पन्नास. ‘फिफ्टीन’मध्ये शेवटच्या ‘टीऽन’वर जोर आणि लांबी, ‘फिफ्टी’त जोर आधी, ‘टी’ आखूड. आपण मराठी-कोकणीवाले दोन्ही सपाट म्हणतो. यात आजीही अडकल्या. टाळी वाजवून जोर दाखवल्यावर चार-पाच फेऱ्यांत जमले.

प्रवेशाच्या चाचणीत यातले काही सापडत नाही, कारण तिथे वेळ छापलेली असते: ८.३०. म्हणून आता कोऱ्या घड्याळाचा कागद मी एन्ट्री ३ वाल्यांनाही पहिल्याच दिवशी देते. ते जरा नाराज होतात. होऊ देत.